क्वामेचा पाचवा गोल

राफाएल पेझारकरांनी एका फुटबॉल क्लबात चोवीस वर्षं नोकरी केली आणि त्या चोवीस वर्षांत शनिवारचा एकही सामना पाहिला नाही. इंग्लंडात फुटबॉल खेळतात तो मुख्यतः शनिवारी. हलवायाच्या दुकानात जन्म काढून जिलबी न चाखण्यातला हा प्रकार. एकही नाही म्हणजे, एक सोडून. एक सोडून की खरोखरच एकही नाही, याचाच तर पुढे सगळा घोळ झाला.

ते किटमन होते. किटमन म्हणजे खेळाडूंच्या जर्सी, मोजे आणि बूट यांचा धोबी, राखणदार आणि आईसुद्धा. राफाएल बेने इस्राएल, मुंबईचे मराठी ज्यू. कोकणात त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून गावाने त्यांना नाव ठेवलं होतं शनवार तेली. राफाएल लंडनला आले, घाण्याऐवजी वॉशिंग मशीन फिरवू लागले, तरी शनिवार काही सुटला नाही. शब्बाथ लागतो शुक्रवारी सूर्य मावळताच, म्हणून त्याच्या आत अकरा खुंट्यांवर अकरा जर्सी लावायच्या, बूट पुसून ओळीने मांडायचे आणि एजवेअरला घर गाठायचं. शनिवारी क्लबचा माळी त्यांचं काम बघायचा. रविवारी सकाळी चिखलाचा ढीग त्यांची वाट बघत असायचा. कोण धावला, कोण पडला आणि कोण नुसताच कंबरेवर हात ठेवून उभा होता, हे ते कपड्यांवरून अचूक सांगत. क्लबचं नाव डॉलिस पार्क रोव्हर्स. वायव्य लंडनच्या त्या चार गल्ल्यांबाहेर ते कोणी ऐकलं नव्हतं.

ह्या क्लबात १९७२ साली घानाहून क्वामे तविया आला. बावीस वर्षांचा, डाव्या पायाचा, कायम कुडकुडणारा. क्लबच्या जर्सीत उतरलेला तो पहिला आफ्रिकन. पहिल्याच महिन्यात राफाएलच्या एक गोष्ट लक्षात आली. बाकीच्यांच्या जर्सी चिखलाने मळत. क्वामेच्या पाठीवर त्याशिवाय आणखीही काही असे. मैदानाच्या कडेने धावताना माणसं त्याच्यावर थुंकत. ती जर्सी राफाएल वेगळी काढून हाताने धूत आणि त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढत नसत. क्वामे एकदा नुसतं म्हणाला, "राफी, सगळ्यात स्वच्छ जर्सी माझी असते." राफाएलनी मान खाली घालून मोज्यांच्या जोड्या लावल्या.

दोघांचं चांगलं जमलं. क्वामेच्या लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात आणि क्वामे म्हणजे शनिवारचा. "नेमका माझ्या वारी तू गायब," असं तो चिडवायचा. पण क्लबात तो टिकला दोनच हंगाम. १९७४च्या मेमध्ये त्याला सोडून दिलं. मग तो बेल्जियमला गेला, तिथून पोर्तुगालच्या एका लहान गावी. गुडघा गेला तसा परत इंग्लंडला येऊन लीड्सला बस चालवू लागला आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना फुटबॉल शिकवू लागला. त्याच्या मागून कितीतरी आफ्रिकन खेळाडू आले, मोठे झाले, त्यांची घरंदारं पेपरात आली. क्वामेचं नाव क्लबच्या एका वहीत राहिलं: सामने एकेचाळीस, गोल चार.

"पाच," राफाएल म्हणत. "चार नाही, पाच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं १९९४ला. क्लबाने धुलाईचं काम बाहेर दिलं आणि त्यांना निरोपाचं जेवण घातलं, तेव्हा. जुन्या खेळाडूंच्या गप्पा निघाल्या, कोणीतरी क्वामेच्या चार गोलांवर हसला आणि राफाएल ताडकन उठले. नऊ फेब्रुवारी १९७४चा कप सामना. कॉर्नरवरून आलेला चेंडू, गोलच्या तोंडाशी ही गर्दी, क्वामेच्या डाव्या गुडघ्याला लागून चेंडू आत. आणि कॅप्टन रॉयने हात वर केला म्हणून रेफरीने गोल रॉयच्या नावावर लिहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तीस वर्षं, जिथे दोन माणसं फुटबॉलचं बोलत असतील तिथे, राफाएलनी तो गोल सांगितला. फक्त घरी कधी सांगितला नाही. कारण उघड आहे. नऊ फेब्रुवारीला शनिवार होता.

म्हणजे त्या एका दिवशी आपण शब्बाथ मोडून, बायकोला फसवून मैदानावर गेलो होतो, असं राफाएल मनाशी धरून होते. जन्मभरात एकदा केलेलं पाप त्यांनी नीट घडी घालून आत ठेवून दिलं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये, राफाएल अठ्ठ्याहत्तरीत असताना, घरचा फोन वाजला. नात शानी, रीडिंग शहरात नोकरी करणारी, घरून काम करायला आजोबांकडे आलेली होती. तिने फोन आणून दिला आणि आपल्या लंडनी मराठीत म्हणाली, "आजोबा, तुमची फोन आलीये. क्लबमधून. कोणीतरी डेरेक."

डेरेक म्हणजे रोव्हर्सचा इतिहास लिहिणारा, भूगोलाचा निवृत्त मास्तर. त्याने सांगितलं की क्लब नव्या गेटपाशी क्वामेच्या नावाचा फलक लावणार आहे. क्वामे जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची मुलगी एफुआ लीड्सहून येणार होती आणि तिचं एकच म्हणणं होतं: फलकावर पाच गोल हवेत. रॉय गेला होता, रेफरी गेला होता, त्या दिवशीच्या अकरातलं कोणीही उरलं नव्हतं. डेरेकच्या आवाजात उत्साह मावत नव्हता. "मिस्टर पेझारकर, एकटे तुम्ही आहात. तुम्ही लेखी दिलंत तर गुरुवारी कमिटी रेकॉर्ड बदलायला तयार आहे. तिचे वडील शेवटपर्यंत म्हणत होते, राफीला विचार, राफीने पाहिलंय."

राफाएलचा ऊर भरून आला. क्वामेने आपलं नाव घेतलं! ते लगेच सांगू लागले: थंडी, वाफाळलेली तोंडं, वरून पडणारा तो पिवळा उजेड...

"उजेड?" डेरेक म्हणाला. "फ्लडलाइट्स म्हणता? त्या हिवाळ्यात तर बंदी होती. विजेचा तुटवडा होता ना! सामना मुद्दाम दोनला सुरू करून दिवसाउजेडी संपवला होता."

"असेल," राफाएल म्हणाले.

"आणि तुम्ही उभे कुठे होतात?"

"त्याच्या शेजारीच. दोन हातांवर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डेरेक म्हणाला की हरकत नाही, पन्नास वर्षं झाली, फॉर्म पोस्टाने पाठवतो, तारीख टाकून सही करा आणि गुरुवारी घेऊन या.

फॉर्म आला. 'मी उपरोक्त सामन्यास जातीने हजर होतो' असं त्यावर पहिल्याच ओळीत छापलं होतं. राफाएलनी पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. त्या पिवळ्या उजेडाचं काय करायचं ते कळेना. उजेड तर डोळ्यांसमोर लख्ख होता. क्वामेच्या कपाळावरचा घाम त्या उजेडात चमकलेला त्यांना दिसत होता. आणि दोन हातांवर? खेळाडूच्या दोन हातांवर किटमन कसा उभा राहील? मैदानात? दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. बिघडलेल्या घड्याळासारखं डोकं कुठल्याही वेळेला कुठलीही वेळ दाखवत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, की आधी घरातलं प्रकरण निस्तरावं. साक्ष क्लबच्या इतिहासात छापून आली की बायको वाचणारच.

बुधवारी दुपारी सिमा स्वयंपाकघरात नारळाचं दूध काढत होती. राफाएल दाराशी उभे राहिले.

"सिमा, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"काय फोडलंत?"

"फोडलं नाही. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट आहे. नऊ फेब्रुवारी. शब्बाथ होता. मी तुला न सांगता ग्राउंडवर गेलो होतो. मॅच बघायला."

सिमाने हात थांबवला. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं, ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"अहो, नऊ फेब्रुवारीला? ऍरनचा बर्थडे कधी असतो?"

"दोन."

"दोन फेब्रुवारी, शनिवार. मग आठवा दिवस कुठला?"

राफाएल बोटांवर मोजू लागले. त्यांच्यात मुलाची सुन्नत आठव्या दिवशी होते, सिनेगॉगात म्हणजे प्रार्थनाघरात, एलियाहू प्रेषिताच्या नावाने मांडलेल्या खुर्चीपाशी, मग तो शब्बाथ असो नाहीतर आणखी काही. मुलाचा वाढदिवस त्यांनी एकावन्न वेळा साजरा केला होता आणि त्यात एकदाही सात मिळवून बघितले नव्हते. पुरुषांची डोकी ह्या बाबतीत अशीच असतात.

"सिनेगॉगमध्ये होतात तुम्ही," सिमा म्हणाली. "एलियाहू हन्नाबीच्या खुर्चीचा पाय धरून. ऍरन माझ्या बाबांच्या मांडीवर रडत होता आणि तुम्ही इकडे पांढरेफटक! बाळाच्या आधी लोकांनी तुम्हाला पाणी पाजलं. मग घरी येऊन जेवलात आणि अंधार पडेपर्यंत झोपलात. कुठलं ग्राउंड नि कुठली मॅच? आणि पन्नास वर्षं हे मनात घेऊन बसलात?" तिला हसू आवरेना. "जा, माफ केलं. न केलेलं पाप माफ!"

राफाएलना हसता आलं नाही. बायको सुटकेचा कागद हातात देत होती आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. पाप केलं नव्हतं, म्हणजे खोटं बोललो होतो. एकदा नव्हे, तीस वर्षं. मग तो गोल आपल्याला दिसतो तो कुठून? न पाहिलेली गोष्ट इतकी स्वच्छ कशी दिसेल? ते खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि पांघरुणाच्या चौकड्या मोजत राहिले.

गुरुवारी शानीने गाडी काढली. "आजोबा, चिल. साइन करायची आणि यायची. पाच मिनिटची काम आहे." राफाएलनी खिसा चाचपला. खिशात फॉर्म होता, सही नसलेला. नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर गाड्या अडल्या होत्या. बाजूला एक लाँड्रीची व्हॅन येऊन थांबली आणि तिच्या उघड्या खिडकीतून साबणाच्या वाफेचा वास आत आला. राफाएलनी डोळे मिटले आणि त्यांना सोमवार आठवला.

तो सोमवार होता. अकरा फेब्रुवारी. सरावानंतर क्वामे धुलाईखोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं. तो नेहमीच येई. राफाएलने शनिवार चुकवलेला असे म्हणून सोमवारी तो अख्खा सामना त्याला करून दाखवी. त्या दिवशी मात्र तो हसत नव्हता. त्याने मोज्यांचा चेंडू केला, दोन बादल्या गोलच्या खांबांसारख्या ठेवल्या. "तू रॉय हो. इथे उभा राहा. असा, माझ्या शेजारी." डोक्यावर तारेला लटकलेला पिवळा बल्ब होता. क्वामेने चेंडू उडवला, डाव्या गुडघ्याने बादल्यांमधून आत घातला. "आता हात वर कर," तो म्हणाला. आणि राफाएलने रॉयसारखा हात वर केला.

"पाहिलंस?" क्वामेने विचारलं.

"पाहिलं."

"मग मॅनेजरला सांग. तो नवा आहे, तुझे शनिवार त्याला ठाऊक नाहीत. मार्चपर्यंत पाच झाले तर ठेवतो म्हणालाय. हा पाचवा आहे, राफी. माझं कोणी ऐकत नाही. तुझं ऐकेल."

आणि सत्तावीस वर्षांचा राफाएल पेझारकर, ज्याला आठवडाभराचं बाळ होतं आणि नोकरी जाण्याची भीती होती, म्हणाला, "मी तिथे नव्हतो रे. खोटं कसं सांगू?"

क्वामेने मान हलवली. ओले बूट बॉयलरपाशी ठेवले आणि तो गेला. मार्च उलटला. पाचवा काही झाला नाही.

"आजोबा, रडताय?" शानीने विचारलं.

"गाडी चालव," राफाएल म्हणाले.

कमिटी रूममध्ये लांब टेबल, स्टीलचा चहाचा बंब आणि बिस्किटांची थाळी होती. कमिटीचे तिघे एका बाजूला, डेरेक मध्ये. एफुआ खिडकीशी उभी होती. पन्नाशीच्या आतली, शाळेत हेडटीचर, वडिलांसारखीच उंच. तिने राफाएलचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमच्याबद्दल मी लहानपणापासून ऐकतेय," ती म्हणाली. त्या क्षणी सही करून टाकावी असं राफाएलना फार वाटलं. कोण विचारणार होतं? रॉय उठून येणार नव्हता. सिमाने तर हसून माफीही देऊन टाकली होती. सही केली तर खोटं, नाही केली तर मित्राला पुन्हा दगा. ह्यातलं चांगल्या माणसाचं काम कुठलं, ते त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग सगळं सांगितलं. ऍरनची सुन्नत, सिनेगॉग, धुलाईखोली, बादल्या, बल्ब. मॅनेजरला सांग म्हणून क्वामेने केलेली विनंती आणि स्वतःचं उत्तर. शब्द अडखळत होते, पण काही गाळलं नाही.

"ज्या दिवशी बोलण्याने काही झालं असतं त्या दिवशी मी खरेपणा धरून बसलो," ते म्हणाले. "आणि बोलून कुणाचं काही व्हायचं उरलं नाही तेव्हा तीस वर्षं साक्षीदार म्हणून मिरवलो. मला खरंच वाटत होतं मी पाहिलंय. अजूनही दिसतं. पण मी नव्हतो."

कमिटीतल्या एकाने घसा साफ केला. डेरेकने पेन खाली ठेवलं. तो भला माणूस होता, त्याला बोलणं जड गेलं. "मग चारच लिहावे लागतील. सॉरी, एफुआ."

एफुआने खिडकीकडे तोंड केलं. मग वळली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"तुम्ही तिथे नव्हता हे डॅडना माहीत होतं?"

"त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? दर शुक्रवारी तोच मला बाय करायचा."

"आणि तरी शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, राफीला विचार." ती एकेक शब्द सुटा बोलली. "म्हणजे त्यांनी तुम्हाला दुसऱ्यांदा विचारलं, मिस्टर पेझारकर. तेच. मला पाठवून."

राफाएलनी हे मनात आणलं नव्हतं. ते एकदम लहान झाले.

"हो," ते म्हणाले. "आणि दुसऱ्यांदाही मी नाहीच म्हणालो."

शानी दाराशी उभी होती. ती पुढे यायला निघाली आणि थांबली. चहा कोणी प्यायला नाही. एफुआ टेबलाजवळ आली, तो सही नसलेला फॉर्म तिने उचलला, पहिली ओळ वाचली आणि मग वेगळ्याच आवाजात विचारलं, "मी त्यांना कधीच खेळताना बघितलं नाही. माझा जन्म व्हायच्या आधी गुडघा गेला होता. एकही फिल्म नाही. कसा होता तो?"

"कोण?"

"गोल."

राफाएल तिच्याकडे बघत राहिले. मग उठले. त्यांनी तिच्या हातातून फॉर्म घेतला, चुरगाळला, दोन्ही तळव्यांत दाबून त्याचा घट्ट गोळा केला. डेरेकही उठला आणि त्याने दोन खुर्च्या भिंतीशी नेऊन अंतर सोडून ठेवल्या.

"तू रॉय हो," राफाएल म्हणाले. "इथे. नाही, आणखी जवळ. दोन हातांवर. कॉर्नर तिकडून येतोय, समोर सगळी गर्दी. कुणाला काही दिसत नाहीये."

त्यांनी कागद उडवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा डावा गुडघा वर आला, जेमतेम आला, आणि कागदाचा गोळा त्याला लागून तिरका गेला. खुर्चीच्या पायाला आपटला, तिथेच घुटमळला आणि मग आत गेला.

राफाएलना धाप लागली होती. त्यांनी टेबलाचा आधार घेतला आणि सवयीने सांगायला तोंड उघडलं की आता तू हात वर करायचा. पण रॉयच्या जागी उभ्या असलेल्या एफुआने हात वर केला नाही. दोन्ही हात खाली ठेवून ती त्या खुर्च्यांकडे बघत होती, तिचे डोळे वाहत होते.

"त्यांचा," ती म्हणाली. "मी पाहिला."